घरावर नाव, कर्जावर नाही

‘ताई, आम्ही एडिसनमध्ये भाड्याने राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी आणि चार वर्षांची मुलगी त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४वर. पुण्यात मी आठ वर्षं नोकरी केली. इथे कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सोशल, नाही. दोघांच्या एकत्र टॅक्स रिटर्नसाठी काढलेला आयटिन, म्हणजे फक्त करापुरता नंबर, तेवढा आहे. पिस्कॅटवेला एक टाउनहाउस आवडलंय. डाउन पेमेंटमध्ये माझी पुण्यातली बचत आहे, शिवाय साताऱ्याहून बाबा २५ लाख रुपये देणार आहेत. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, “वाइफला सोशल नाही ना, मग घर तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या.” नवरा म्हणतो, आपल्यात काय तुझं-माझं, नंतर बघू. सासूबाईही तेच म्हणतात. ओळखीच्या एकीने सांगितलं की ऑनलाइन एक क्रेडिट नंबर विकत मिळतो, तो सोशलच्या जागी चालतो. आणखी कुणी म्हणालं, आयटिनवर वेगळं कर्ज मिळतं, ते दोघांच्या नावावर घ्या. गेल्या वर्षी नवऱ्यासाठी त्याच्या कंपनीने केलेला ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, आय-१४०, मंजूर झाला, पण ग्रीन कार्ड कधी येईल देव जाणे. मला भांडण नकोय. पण बाबांचे पैसे घालून घर घ्यायचं आणि त्यावर माझं नाव कुठेच नसावं, हे मनाला लागतं. माझं चुकतंय का?’
— स., एडिसन, न्यू जर्सी

तू ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं काही चुकत नाहीये. आणि उत्तर तुला वाटतंय त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. सोशल नसतानाही घरावर तुझं नाव लागू शकतं, तेही पहिल्याच दिवशी, क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होते त्या सह्यांच्या, टेबलावर. त्यासाठी आयटिनचं महागडं कर्ज घ्यायला नको आणि कुठला नंबर विकत तर मुळीच घ्यायला नको.

त्या माणसाने कर्ज आणि मालकी यांची गल्लत केली आहे. ती आपलीही होते, कारण आपण तिकडून तशीच सवय घेऊन येतो. पुण्यात फ्लॅट घेताना खरेदीखतावर ज्यांची नावं असतात त्या सगळ्यांना बँक सहसा सहकर्जदार करून घेते. त्यामुळे घरावर नाव म्हणजे कर्जावर नाव, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तसं नाही.

क्लोजिंगला कागदांचा जो ढीग समोर येतो, त्यातले तीनच ओळखून ठेव. पहिला प्रॉमिसरी नोट. ‘एवढे पैसे घेतले, अमुक दराने फेडीन’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि त्यावर ज्याची सही तो कर्जदार. दुसरा मॉर्गेज, म्हणजे आपलं गहाणखत. हप्ते थकले तर हे घर जप्त करता येईल, असं तो सांगतो. तिसरा डीड, म्हणजे खरेदीखत. घर कुणाचं हे फक्त त्यावरून ठरतं. सोशल नंबर, क्रेडिट स्कोअर, पगाराच्या स्लिपा हे सगळं पहिल्या कागदासाठी लागतं. डीडवर नाव घालायला सोशल लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही, पगारही लागत नाही. तुझं नाव, तू हजर असणं आणि ओळखीसाठी पासपोर्ट, एवढं पुरतं. डीड हा सार्वजनिक दस्त असतो, कुणीही जाऊन पाहू शकतं, त्यामुळे त्यावर कुणाचाच सोशल नंबर लिहीत नाहीत.

म्हणजे तुझ्या बाबतीत नोटवर एकट्या नवऱ्याची सही, मॉर्गेजवर दोघांच्या सह्या आणि डीडवर दोघांची नावं. मॉर्गेजवर तुझी सही लागते, कारण घर तुझंही असेल आणि तुझ्या संमतीशिवाय ते गहाण पडू शकत नाही. पण कर्ज फेडायची वैयक्तिक जबाबदारी त्या सहीने तुझ्यावर येत नाही. ती फक्त नोटवर सही करणाऱ्याची. अशा बाईला इथे ‘नॉन-बॉरोइंग स्पाउस’ म्हणतात. हाच शब्द त्या माणसाला ईमेलमध्ये लिहा: माझी पत्नी नॉन-बॉरोइंग स्पाउस म्हणून टायटलवर, म्हणजे मालकीत, असेल. हा शब्द वाचला की बहुतेकांचा सूर बदलतो, कारण हे त्यांच्या रोजच्या कामातलंच आहे.

कर्जावर तुझं नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुला इथे उत्पन्न नाही, त्यामुळे तुझ्या नावाने कर्जाची पात्रता एका डॉलरनेही वाढणार नाही. उलट तुझी क्रेडिट हिस्टरी कोवळी आहे. दोन कर्जदार असले की व्याजाचा दर ठरवताना दोघांपैकी कमी स्कोअर धरला जातो. नवऱ्याचा पगार एकट्याचा पुरत असेल, तर त्याला एकट्याला कर्जदार ठेवणंच शहाणपणाचं. शिवाय १९७४चा समान कर्जसंधीचा कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात की अर्जदार स्वतःच्या बळावर पात्र ठरत असेल तर कंपनीने त्याच्या जोडीदाराला नोटवर सही करायची सक्ती करू नये. गहाणखतावरची सही मात्र ते मागू शकतात, आणि मागतीलच.

आता न्यू जर्सीचं. इथे नवरा-बायकोसाठी मालकीचा एक खास प्रकार आहे, ‘टेनन्सी बाय द एन्टायरटी’. डीडवर दोघांची नावं पती-पत्नी म्हणून आली की तो लागू होतो. यात अर्धं याचं, अर्धं तिचं अशी वाटणी नसते, आख्खं घर दोघांचं असतं. एकाला दुसऱ्याच्या लेखी संमतीवाचून आपला हिस्सा विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. आणि दोघांपैकी एक गेला तर घर आपोआप दुसऱ्याचं होतं, वारसदाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सातबाऱ्यावर वारसनोंद होईपर्यंत तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात हे आपल्या घरांतून आपण पाहिलेलं असतं. इथे हे काम एका ओळीत होतं. ती ओळ डीडमध्ये आहे का, एवढं बघायचं.

हे सांगायची वेळही ठरलेली आहे. न्यू जर्सीत रिअल्टरने, म्हणजे घराच्या एजंटने, केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाला तो तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात. त्याच दिवसांत तुमच्या वकिलाला लेखी कळवा: खरेदीदार म्हणून दोघांची नावं, पती आणि पत्नी. करारात तुझं नाव पहिल्यापासून असलं तर डीड त्याप्रमाणेच बनतं. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी सांगितलंस तर धावपळ होते, आणि त्या धावपळीत ‘आता राहू दे’ असं म्हणणारं कुणीतरी हमखास भेटतं.

माझ्या बाबतीत तेच झालं. २०११ साली आम्ही मिडलसेक्स काउंटीतच घर घेतलं. एच-४वाल्यांना कामाची परवानगी तेव्हा नव्हतीच. माझ्या पुण्याच्या नोकरीतला प्रॉव्हिडंट फंड त्या डाउन पेमेंटमध्ये होता. कर्जवाला तुझ्यासारखंच म्हणाला, सोशल नाही, पुढे कधीतरी बघू. क्लोजिंगच्या दिवशी सह्या करायला नवरा आत गेला आणि मी मुलाला मांडीवर घेऊन बाहेर सोफ्यावर बसले. काहीच वाईट घडलं नाही. नवरा भला माणूस आहे. पण इथे मालमत्ता कर वर्षातून चारदा भरावा लागतो, आणि दर वेळी त्या कागदावर एकच नाव वाचताना मला तो सोफा आठवायचा. पाच वर्षांनी आम्ही नवं डीड करून माझं नाव घातलं आणि न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्ककडे नोंदवलं. दोन-तीन पानांचं काम. आधीच कुणी समजावून सांगितलं असतं तर पाच वर्षं थांबायला लागलं नसतं, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहिते आहे.

यातून दुसरी गोष्टही कळते. काही कारणाने आता नाव लागलं नाही, तरी दार बंद होत नाही. गहाण घराची मालकी बदलली तर सगळं कर्ज एकदम परत मागण्याचं कलम जवळजवळ प्रत्येक गहाणखतात असतं, आणि त्या भीतीने लोक नाव चढवायचं टाळतात. पण जोडीदार मालक झाला म्हणून कंपनीला ते कलम वापरता येत नाही. राहत्या घराला १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने हे संरक्षण दिलेलं आहे. तरीही नंतर करण्यात वकिलाची आणि नोंदणीची फी पुन्हा जाते, मालकीच्या वादांपासून संरक्षण देणाऱ्या टायटल इन्शुरन्सची पॉलिसी जुन्या नावावर राहते आणि ‘नंतर’ लांबत जातं. आत्ताच करा.

तुझ्या पत्रात जाता जाता एक ओळ आली आहे, त्यावर मी थांबले. नवऱ्याचं आय-१४० मंजूर झालंय म्हणतेस. मग तुला सोशल मिळण्याचा रस्ता उघडला आहे! मे २०१५पासून, ज्यांच्या एच-१बी जोडीदाराचं आय-१४० मंजूर आहे अशा एच-४वाल्यांना कामाच्या परवान्यासाठी, म्हणजे ईएडीसाठी, अर्ज करता येतो. अर्ज आय-७६५ फॉर्मवर करायचा, आणि सोशल कार्डही हवंय का हे त्याच फॉर्मवर विचारलेलं असतं. तिथे ‘हो’ लिही. मुलगी लहान आहे, एवढ्यात नोकरी करायची नाही, असं मनात असलं तरी अर्ज कर. परवाना हातात आल्यावर नोकरी लागलेली नसली तरी सोशल मिळतो. याला काही महिने लागतात, म्हणून घराची खरेदी त्यासाठी अडवून धरू नका. दोन्ही गोष्टी आपापल्या गतीने चालू द्या. सोशल आला की आयटिन वापरणं बंद करायचं आणि आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, पत्र लिहून दोन्ही नंबरांची नोंद एकत्र करून घ्यायची.

आता आयटिनवरच्या कर्जाबद्दल. असं कर्ज खरोखरच मिळतं, आणि त्याची थट्टा करावी अशी ती गोष्ट नाही. आयआरएसने १९९६पासून आयटिन द्यायला सुरुवात केली, ज्यांना सोशल मिळू शकत नाही त्यांनाही कर भरता यावा म्हणून. नऊ आकडी नंबर, पहिला आकडा ९. त्याने कामाची परवानगी मिळत नाही, व्हिसाही बदलत नाही. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोरहून आलेली लाखो माणसं याच नंबरावर वर्षानुवर्षं कर भरत आली आहेत आणि मोठ्या बँकांच्या दारातून परतही पाठवली गेली आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये २०००साली लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन सुरू झाली. बँकेत खातं नाही म्हणून घरात रोकड ठेवणाऱ्या मजुरांना लुटलं जात होतं, हे तिच्या स्थापनेमागचं एक कारण. आपल्याकडच्या पतपेढ्यांसारखीच, गरजेपोटी उभी राहिलेली संस्था. अशा क्रेडिट युनियन आणि काही छोट्या बँका आयटिनवर घरकर्ज देतात. स्कोअर नसेल तर वर्ष-दोन वर्षं वेळेवर भरलेलं भाडं, विजेची आणि फोनची बिलं, विम्याचे हप्ते यांवरून माणसाची पत जोखतात. कर्ज बहुधा स्वतःच्याच वहीत ठेवावं लागतं, पुढे सहजी विकता येत नाही, म्हणून डाउन पेमेंट जास्त मागतात आणि व्याजही नेहमीच्या कर्जापेक्षा चढं असतं. ज्या घरात दोघांकडेही सोशल नाही, त्यांच्यासाठी हे दार मोलाचं आहे. तुमच्या घरात एकाकडे आहे. मग तीस वर्षं चढं व्याज कशासाठी भरायचं?

नवऱ्याला जे नेहमीचं कर्ज मिळेल त्याला कन्व्हेन्शनल म्हणतात. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्था ज्या नियमांनी कर्जं विकत घेतात, ते नियम कायदेशीरपणे राहणाऱ्या एच-१बीवाल्याला नागरिकाच्याच अटींवर कर्ज देऊ देतात. सरकारी विम्याचं, कमी डाउन पेमेंटचं एफएचए कर्ज मात्र कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका. २५ मे २०२५पासून ते ग्रीन कार्ड नसलेल्यांना मिळत नाही. जुन्या माहितीवर सल्ले देणारे अजूनही भेटतात.

विकतच्या क्रेडिट नंबराबद्दल ओळखीच्या बाईंनी जे सांगितलं, त्यावर मी कठोर बोलणार आहे. असे नंबर ‘सीपीएन’ या नावाने विकतात. ते पुष्कळदा कुणातरी लहान मुलाचे, कैद्याचे नाहीतर मेलेल्या माणसाचे सोशल नंबर असतात. घरकर्जाच्या अर्जावर तसला नंबर लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर ३० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड, अशी त्याला तरतूद आहे. तुझं तर पुढचं ग्रीन कार्डही त्यात बुडेल. त्या बाईंनी भोळेपणाने सांगितलं असेल, पण कुणी पुन्हा हा विषय काढला तर तिथून उठून जा.

त्याच अर्जावरची आणखी एक जागा बघून घ्यायची आहे. कर्जदार नागरिक, ग्रीन कार्डधारक की ग्रीन कार्ड नसलेला परदेशी रहिवासी, असे तीन चौकोन असतात. फोनवर माहिती विचारत घाईने अर्ज भरणारा एजंट कधी कधी ‘नागरिक’वर खूण करून टाकतो. वाचायला सेकंदही लागत नाही. पण मी अमेरिकी नागरिक आहे असं खोटं सांगितल्याची नोंद झाली तर ग्रीन कार्डाच्या वेळी ती फार महागात पडू शकते, आणि ‘एजंटने भरलं होतं’ म्हणून सुटका होईलच असं नाही. सही करण्याआधी नवऱ्याने ते पान स्वतः वाचावं. बाकीचं चाळलं तरी चालेल, हे पान मात्र वाचावंच.

बाबांच्या पैशांकडे येते. इथे मला जास्त सावकाश लिहायचं आहे, कारण गडबड इथेच होते.

बाबा भारतात राहतात, म्हणून त्यांना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २५ लाख रुपये त्यात आरामात बसतात. पण १ एप्रिल २०२५पासून वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. म्हणजे वरच्या १५ लाखांवर ३ लाख. हे बाबांना आधी सांग. निवृत्त माणसाला बँकेच्या काउंटरवर ऐनवेळी ‘आणखी तीन लाख भरा’ म्हटलं तर धसका बसेल. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरताना ते त्यांच्या करात वळते होतात आणि उरलेले परत मिळतात. पण तोवर काही महिने ते अडकून राहतात, आणि त्या महिन्यांत त्यांच्या औषधपाण्याला हात आखडता होता कामा नये. आईच्या स्वतःच्या नावावर ठेवी असतील तर तिची १० लाखांची मर्यादा वेगळी, तिने तिच्या खात्यातून पाठवले तर तेवढा टीसीएस वाचतो. पैसे पतसंस्थेत किंवा गावच्या सहकारी बँकेत असतील, तर आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेतल्या त्यांच्या खात्यात वळवायला सांग. तिथल्या पासबुकावर मराठी असेल तर इथे त्याचं इंग्रजी भाषांतर लागेल.

तुझी स्वतःची बचत मात्र एलआरएसमध्ये येत नाही, कारण तू आता अनिवासी आहेस. ते जुनं बचत खातं अजून साधंच असेल तर आधी एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घे. त्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचा दाखला लागतो. पुण्यातला सीए हे आठवड्याभरात करून देऊ शकतो.

इकडच्या बाजूला कंपनी दोन गोष्टी बघते. पैसा कुठून आला आणि परत करायचा आहे का. बाबांच्या खात्यातून निघाल्याचा पुरावा, तुमच्या खात्यात आल्याचा पुरावा, डॉलरमध्ये इथल्या बँकेत जमा, आणि सोबत गिफ्ट लेटर: हे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत. खात्याची दोन महिन्यांची स्टेटमेंट्स मागतात, म्हणून पैसे करार होण्याआधीच येऊन पडले तर उत्तम. ‘मी इथे डॉलर देतो, तुझे बाबा तिथे माझ्या भावाला रुपये देतील’ अशी सोय आपल्या लोकांत सर्रास सुचवली जाते. ती घेऊ नका. तिकडच्या परकीय चलनाच्या फेमा कायद्यात ती बसत नाही आणि इकडे त्या रकमेचा उगम दाखवता येत नाही.

आणि ते गिफ्ट लेटर नीट बघ. कर्जदार एकटा नवरा आहे, म्हणून कंपनीचा छापील नमुना बाबांनी जावयाला भेट दिली असं म्हणेल. म्हणजे तुझ्या बाबांचे आयुष्यभराचे पैसे कागदोपत्री तुला वगळून जातील. लोन ऑफिसरला विचारून त्यात ‘मुलगी आणि जावई’ अशी दोन्ही नावं घालून घ्या, आणि पैसे तुमच्या जॉइंट खात्यात येऊ द्या. न्यू जर्सीत लग्नानंतर घेतलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी नाव कुणाचंही असलं तरी न्याय्य वाटणीत धरतात, पण एकाला माहेरून मिळालेली भेट त्यातून वेगळी ठरू शकते. त्या पत्रात जावयाचं एकट्याचं नाव असलं तर ती भेट कुणाची, हा वाद नंतर उभा राहू शकतो. तुमच्या संसारात ती वेळ यावी असं मी सुचवतसुद्धा नाही. पण ते पत्र लिहिणार बाबा आहेत, आणि पैसे कुणासाठी देतोय हे त्यांच्या शब्दांत राहिलं पाहिजे.

घर घेण्याआधी तुम्ही दोघांनी एक संध्याकाळ नोकरीबद्दल बोला. एच-१बीची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, का परतायचं, हे ठरवताना हप्ता तर चालूच राहतो. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय बाबांच्या शेवटच्या ठेवीला हात लावू नका, त्यापेक्षा डाउन पेमेंट थोडं कमी करा. वीस टक्क्यांच्या खाली गेलात तर पीएमआय नावाचा विमा भरावा लागतो, पण तो कायमचा नसतो. कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो बंद करायची मागणी करता येते, ७८ टक्क्यांवर आपोआप बंद होतो. भारतात परतून मग घर विकायची वेळ आली, तर करासाठी अनिवासी ठरलेल्या विक्रेत्याच्या किमतीतून १५ टक्के रोखून ठेवतात. परतायचं ठरलं तर विमानात बसण्याआधी सीपीएशी, म्हणजे इथल्या सीएशी, बोला.

नवऱ्याच्या नावावर कर्जाची रक्कम फिटेल एवढा टर्म इन्शुरन्स हवा, नोकरीतला नव्हे, स्वतःचा वेगळा. ईश्वर करो आणि त्याची गरज न पडो. पण गरज पडली तर तू कर्जदार नसूनही घर सोडावं लागणार नाही, हप्ते भरत राहून तुला ते ठेवता येतं. २०१८च्या एप्रिलपासून नियमच आहे की मालकी तुझ्याकडे आल्याचं एकदा सिद्ध झालं की हप्ते घेणाऱ्या कंपनीने तुला कर्जदारासारखंच वागवलं पाहिजे, माहिती दिली पाहिजे. आणि एरवीसाठी, तू फोन केलास तर तुझ्याशी बोलावं, असं संमतिपत्र पहिल्याच महिन्यात नवऱ्याकडून कंपनीला पाठवून ठेव. नाहीतर हप्ता जमा झाला का एवढंही ते तुला सांगणार नाहीत.

तुझी स्वतःची पत उभी करायला आजपासून लाग. नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या क्रेडिट कार्डावर ऑथोराइज्ड युजर म्हणून नाव घाल. आयटिनवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत, अनामत ठेवून मिळणारं एक छोटं कार्ड स्वतःच्या नावाने घे, त्यावर फक्त किराणा घ्यायचा आणि महिन्याला पूर्ण फेडायचं. सोशल आल्यावर ती हिस्टरी त्याला जोडून घेता येते.

नवऱ्याशी कसं बोलायचं? तू भांडण नको म्हणतेस, आणि भांडायचं कारणही नाही. ‘नंतर बघू’ म्हणणारा नवरा बहुधा वाईट नसतो, त्याला वाटतं की तुझ्या नावाने कर्ज अडेल. तेव्हा हे पत्रच त्याच्या हातात दे. कर्ज अडत नाही, दर वाढत नाही, जास्तीचा खर्च जवळजवळ नाही, आणि त्याला काही झालं तर बायको-मुलीला घरासाठी कोर्टात जावं लागत नाही. शेवटचा मुद्दा सासूबाईंनाही सांग. सुनेच्या नावाला त्यांचा विरोध असेलच असं नाही, नातीच्या डोक्यावरचं छप्पर त्यांनाही हवंच असणार.

एक छोटं काम उरलं, आणि ते आपल्या नावांमुळे होतं. पासपोर्टवर तुझं नाव कसं आहे ते काढून बघ. कुणाच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असतं, कुणाच्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, कुणाचं आडनाव एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या. आयटिनच्या पत्रावर, बँक खात्यावर आणि करारावर पासपोर्टप्रमाणेच नाव असू दे. क्लोजिंगच्या तीन दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या अंतिम हिशेबाचा कागद, येतं. त्याच दिवशी वकिलाकडून डीडचा मसुदाही मागवून घे आणि तुझ्या नावाचं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघ. क्लोजिंगला मुलीला शेजारी कुणाकडे तरी ठेव, पासपोर्ट घे आणि आत जाऊन बस. सह्या झाल्या की मला दोन ओळी लिही, मी वाट बघते.